'नॉमिनेट' : अर्थ आणि मराठी पर्याय

इंग्रजीतील 'नॉमिनेट' हे क्रियापद 'नाव' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आले आहे. कोणाचे तरी नाव पुढे करणे हा त्याचा गाभा. मात्र नाव पुढे आल्यावर निर्णय कोणाचा, हे त्या शब्दातून कळत नाही. मराठीत ते स्पष्ट करावे लागते.

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य होते. ते निवडून आलेले नव्हते. गव्हर्नरांनी त्यांची 'नामनियुक्ती' केली होती. त्या कौन्सिलमध्ये अस्पृश्य वर्गांसाठी निवडणुकीच्या राखीव जागा नव्हत्या. त्यांचे प्रतिनिधी सरकारच नेमत असे. अनुवादकाने येथे 'उमेदवारी मिळाली' असे लिहिले, तर वाक्य सुबक वाटेल, पण प्रतिनिधित्वाचा तो सारा प्रश्न वाचकाच्या नजरेआड होईल.

याच जिल्ह्यातील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, ती 'नेमणूक'. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसचे 'उमेदवार' म्हणून लोकसभेवर निवडून गेले. १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी राष्ट्रपतिपदासाठी त्यांचे नाव पुढे केले. तीही 'उमेदवारी'च, जरी निवडून आले व्ही. व्ही. गिरी.

'उमेदवार' हा शब्द फारसी 'उमेद' म्हणजे आशा, यावरून आला. पूर्वी कचेरीत नोकरीच्या आशेने बिनपगारी राबणाऱ्यालाही उमेदवार म्हणत. 'उमेदवारी करणे' हा वाक्प्रचार त्याचीच खूण. इंग्रजी 'कँडिडेट'च्या मुळाशी मात्र रोमन इच्छुकांचा पांढराशुभ्र झगा आहे. मला आपला शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

कायद्याच्या भाषेत उमेदवारी अर्जाला 'नामनिर्देशनपत्र' म्हणतात. बोलताना आपण नुसते 'फॉर्म भरला' म्हणतो. पुरस्कारासाठी 'नामांकन' रुळले आहे. 'तिकीट मिळाले' म्हणजे पक्षाने पसंती दिली, एवढेच. अर्ज छाननीत वैध ठरणे ही पुढची पायरी.

स्वाध्याय : पुढील वाक्यांत योग्य शब्द योजा व निर्णय कोणाच्या हाती आहे ते लिहा.
(१) राष्ट्रपती राज्यसभेवर बारा सदस्यांची ...... करतात.
(२) अलिबागच्या जागेसाठी पक्षाने त्यांना ...... दिली.
(३) छाननीत त्यांचे ...... बाद ठरले.