पाणी तापविण्याची टाकी आणि सुरक्षा झडप

आपल्याकडील तांब्याच्या बंबास सुरक्षा झडपेची गरज कधी भासली नाही. त्याचे तोंड मोकळे असते. पाणी कितीही उकळले तरी वाफ वरून निघून जाते. शाळा, वसतिगृहे व विश्रामगृहे यांतून दिसणाऱ्या विजेच्या गीझरची गोष्ट निराळी आहे. त्याची टाकी बंदिस्त असते.

पाणी तापले की प्रसरण पावते. २० अंश सेल्सिअसचे २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापविल्यास ते सुमारे पावणेचारशे मिलिलिटरने वाढते. थंड पाण्याच्या नळीवर पाणी मागे न जाऊ देणारी झडप असेल, तर हे वाढीव पाणी सुरक्षा झडपेतून थेंबथेंब बाहेर पडते. त्यालाच गळती समजून पुष्कळदा झडपेच्या तोंडाशी बूच मारले जाते. सद्हेतूने केलेली ही दुरुस्ती अत्यंत धोक्याची होय.

एरवी तापमान थर्मोस्टॅट आवरतो. तो बिघडला व वीज तोडणारी दुसरी यंत्रणाही चालली नाही, तर पाणी तापतच राहते. दाबाखाली ते १०० अंशांवर उकळत नाही. वातावरणाच्या सातपट दाबाखाली त्याचा उत्कलनबिंदू १६५ अंशांच्या आसपास जातो. अशी टाकी फुटताच दाब नाहीसा होऊन काही पाण्याची तत्क्षणी वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून अधिक जागा व्यापते.

१९ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातील स्पेन्सर येथील स्टार प्राथमिक शाळेत अशीच टाकी फुटली. वेळ दुपारच्या भोजनाची होती. सहा मुले व एक शिक्षक मृत्युमुखी पडले. टाकीची सुरक्षा साधने सदोष असल्याचे तपासणीत आढळले.

वसतिगृहाची पाहणी करताना म्हणूनच झडपेचे पाणी कोठे जाते, हे अवश्य विचारावे. तिची नळी मोरीपर्यंत खाली उतरलेली व टोकाशी उघडी असावी. टाकी व झडप यांच्यामध्ये बंद करता येईल अशी तोटी मुळीच नसावी. विंधन विहिरीच्या जड पाण्याचा क्षार झडपेत साचून ती अडकते, तेव्हा जाणकार विद्युत कारागिराकडून ती ठरावीक काळाने चालवून पाहावी. पाणी तापत असताना ठिबकणे स्वाभाविक आहे. पाणी थंड असतानाही ठिबकत राहिल्यास झडप बदलावी, व ती टाकीला सोसेल त्याहून अधिक दाबाची नसावी. गरम पाण्याच्या नळातून वाफ फुसफुसू लागली, तर प्रथम मुख्य बटण बंद करून मुलांना तेथून दूर न्यावे. टाकीला हात मग कारागिरानेच, ती पूर्ण निवल्यावर लावावा.