पुकाऱ्याला हजर

चि. बंड्यास,


आधी तुझ्या आईचा फोन आला, मग तुझा. दोघांचं ऐकल्यावर वाटलं, ज्याला घाबरायचं कारण नाही त्याला तुम्ही घाबरताय आणि ज्याची काळजी करायला हवी ते तुमच्या गावीही नाही. फोनवर सांगितलेलं तू अर्धं ऐकतोस, उरलेलं अर्धं तुझे मित्र बदलून टाकतात. म्हणून लिहूनच पाठवते.

गुन्ह्याचं आधी उरकू. २०१३ साली दूधदरासाठी फाट्यावर रास्ता रोको झाला, तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. तुझ्यासह अकरा जणांवर गुन्हा नोंदला. भारतीय दंड संहितेचं कलम १४३, म्हणजे बेकायदेशीर जमाव. ३४१, म्हणजे वाट अडवणं. आणि जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं १३५. पहिल्याला फार तर सहा महिने, दुसऱ्याला महिनाभर साधी कैद किंवा पाचशे रुपये दंड. सगळी कलमं जामीनपात्र. गोठ्यात चार जनावरं असलेल्या घरातल्या पोरानं दुधाच्या भावासाठी रस्त्यावर बसावं, यात मला लाजण्यासारखं काही दिसत नाही. त्यावर मी एक शब्द बोलणार नाही.

बोलणार आहे ते पुढच्याबद्दल. ठाण्यात टेबल जामीन झाला, दोषारोपपत्र आलं, कोर्टात तू सुरुवातीच्या तारखांना गेलास. मग पुण्यात नोकरी लागली आणि तू जायचा थांबलास. पुकारा झाला, रोजनाम्यात ‘आरोपी गैरहजर’ लिहिलं गेलं. आधी जामीनपात्र वॉरंट निघालं, ते जुन्या पत्त्यावरून परत आलं, मग अजामीनपात्र निघालं. गुन्हा होता तेवढाच आहे, वाढली आहे ती तुझी गैरहजेरी. न्यायाधीशांसमोर उभा राहशील तेव्हा पहिला प्रश्न दुधाचा नसेल, ‘इतकी वर्षं कुठे होतास’ हा असेल. त्याचं उत्तर आत्तापासून तयार ठेव, आणि ते खरं असू दे. नोकरीसाठी गाव सोडलं, हयगय झाली, एवढं पुरतं. कुठल्या डॉक्टरकडून कावीळ झाल्याचं सर्टिफिकेट आणू नकोस. मी नोकरीभर बेंच क्लर्क होते. असली कागदपत्रं साहेबांच्या टेबलावर जायच्या आधी आम्हालाच कळायची.

तुझे मित्र सांगतात की इतक्या वर्षांत वॉरंट आपोआप मेलं असेल. मेलेलं नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ७० व्या कलमात स्पष्ट आहे की ज्या न्यायालयानं ते काढलं ते रद्द करत नाही किंवा त्याची बजावणी होत नाही, तोपर्यंत वॉरंट अमलात राहतं. मुदतीचा जो कायदा ऐकलास, तो न्यायालयानं गुन्ह्याची दखल कधीपर्यंत घ्यायची याचा आहे. दखल तर तेव्हाच घेतली गेली. दुसरा एक शहाणा म्हणाला म्हणे, १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, जुने खटले बाद. तेही खोटं. त्या तारखेला चालू असलेले खटले जुन्याच संहितेप्रमाणे पुढे चालतात, तशी तरतूद नव्या कायद्यातच आहे.

तिसरी समजूत जास्त घातक, कारण ती पुढाऱ्याच्या तोंडची आहे. ‘आंदोलनातले गुन्हे शासनानं मागे घेतले.’ असे निर्णय शासन वेळोवेळी घेतं हे खरं. पण मंत्रालयातल्या कागदानं कोर्टातली फाईल बंद होत नाही. त्यासाठी सरकारी वकिलांनी ३२१ खाली अर्ज द्यावा लागतो आणि न्यायालयानं संमती द्यावी लागते. सभेत टाळ्या पडल्या म्हणून केस निघाली असं मानून कित्येक पोरं वर्षानुवर्षं निवांत बसलेली मी पाहिली आहेत. पुढारी मात्र स्वतःच्या केसच्या तारखेला वकील पाठवत असतो, हे कोणी बघत नाही.

मी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तुझं नाव घालून पाहिलं. बाकीचे दहा जण २०१७ साली निर्दोष सुटले. तू नव्हतास म्हणून तुझा खटला वेगळा काढून डॉरमंट फाईलला ठेवला. तो सुटलेला नाही, नुसता झोपलेला आहे. इतरांच्या सुटकेनं तू आपोआप सुटत नाहीस, पण तो निकाल तुझ्या फार कामाचा आहे. वकिलांना सांगून त्याची सही-शिक्क्याची नक्कल काढून घे. साक्षीदारांनी जमावात कोणाला ओळखलं आणि कोणाला नाही, ते त्यात असेल.

आता ज्याकडे तुमचं लक्ष नाही ते. तुझ्यासाठी जामीनदार कोण राहिलं होतं, आठवतं? वाडीतले अण्णा. त्यांनी सातबारा कोर्टात दाखवला आणि पंधरा हजारांचं बंधपत्र लिहून दिलं. तू गैरहजर राहिलास की बंधपत्र जप्त होतं आणि जामीनदाराला नोटीस जाते, पैसे का वसूल करू नयेत याचं कारण दाखवा म्हणून. वसुली झाली नाही तर दिवाणी कैदेपर्यंत तरतूद आहे. अण्णांना नोटीस आली होती. ते कोर्टात गेले, काहीतरी भरलं, आणि तुझ्या बाबांना आजवर बोलले नाहीत. मला हे त्यांच्या सुनेकडून कळलं. तेव्हा वकिलाकडे जायच्या आधी अण्णांच्या ओट्यावर जा. पाया पड, किती भरले ते विचार आणि तेवढे पैसे हातात ठेव. घेणार नाहीत, तरी ठेव. आणि पुन्हा जामीन राहा असं त्यांना म्हणू नकोस.

ठाण्यातून तुला या वॉरंटाबद्दल जो फोन आला तो खरा होता, मी खात्री केली. पण यापुढे असा फोन आला तर उत्तर द्यायच्या आधी स्वतःचा केस नंबर तपासत जा. वॉरंटाची भीती घालून व्हिडिओ कॉलवर पैसे उकळणारे हल्ली घरोघरी फोन करतात. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कायद्यात कुठेही नाही. आईलाही सांगून ठेव आणि तिच्या फोनमध्ये सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर घालून दे. कोणी ‘मी मिटवून देतो’ म्हणाला तर त्याला हात जोड. फार तर तो वॉरंटावर ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून ते परत पाठवेल, आणि कोर्ट दुसरं काढेल. पैसे जातील आणि वॉरंट राहील. रद्द करण्याचा अधिकार फक्त कोर्टाला आहे.

थांबण्यात काय धोका आहे तेही सांगते. निवडणूक जाहीर झाली की प्रत्येक ठाण्यात प्रलंबित अजामीनपात्र वॉरंटांची यादी बाहेर निघते, कारण बजावणीचे आकडे वर द्यायचे असतात. मोठ्या सणांच्या आधीही तेच. तेव्हा तू नोकरदार आहेस की गुंड, हे कोणी पाहत नाही. शुक्रवारी संध्याकाळी उचललं तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं त्यांना बंधनकारक आहे, पण तो हजर करण्याचा नियम आहे, सोडण्याचा नाही. गुन्हा जामीनपात्र आहे म्हणून जामीन हक्कानं मिळेल असंही धरून चालू नकोस. बंधपत्राची अट मोडून गैरहजर राहिलेल्याला पुढच्या वेळी जामीन नाकारण्याचा अधिकार ४३६ व्या कलमानं न्यायालयाला दिला आहे. आणलेला आरोपी आणि आपणहून आलेला आरोपी यांच्याकडे साहेब कोणत्या नजरेनं पाहतात, ते मी खालच्या टेबलावरून रोज बघत होते. आपणहून आलेल्याला बहुतेक वेळा दंड भरून, नवा जामीन देऊन त्याच दिवशी घरी जाता येतं. बहुतेक वेळा म्हटलं, नेहमी नाही. अर्जावर आदेश होईपर्यंत तुला कोर्टातच बसवून ठेवतील, आणि क्वचित एखादे साहेब न्यायालयीन कोठडीतही पाठवतात. तसं झालं तर सत्र न्यायालय आहे. ही शक्यता मनात धरूनच जा.

म्हणून दिवस नीट निवड. मंगळवार किंवा बुधवार, पुढे दोन दिवस कामकाज असेल असा, आणि साहेब रजेवर नाहीत याची वकिलांकडून खात्री करून. वकील तालुक्याचेच घे. पुण्याचा बडा वकील आणलास तर तो तिथल्या शिरस्तेदाराला आणि सरकारी वकिलांना ओळखत नसेल, आणि फी मात्र घेईल. साडेदहाला पोच. वकीलपत्र आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज आधी दाखल होतो, मग सरकारी वकिलांचं म्हणणं घेतात, मग आदेश. आधार कार्ड, कंपनीचं ओळखपत्र, पुण्याच्या घराचा भाडेकरार, गावच्या घराची कागदपत्रं, फोटो, सगळ्यांच्या दोन दोन प्रती जवळ ठेव. जामीनदार म्हणून तुझा थोरला चुलतभाऊ येतो म्हणाला आहे. त्याचा ताजा सातबारा आणि रेशन कार्ड लागेल. साहेबांनी रोख जामीन मान्य केला तर नाझरकडे पैसे भर आणि पावती जपून ठेव, केस संपल्यावर ते परत मिळतात. त्याच अर्जासोबत खटला डॉरमंटमधून काढून चालवण्याची विनंती कर, नाहीतर वॉरंट जाईल आणि टांगती तलवार तशीच राहील. रोज हजर राहणं जमणार नसेल तर ज्या दिवशी गरज नाही त्या दिवशी गैरहजेरी माफीचा अर्ज वकील देऊ शकतात. अर्ज देऊन न येणं आणि नुसतंच न येणं, यातलाच फरक तुला इतका महाग पडला आहे.

कोणीतरी सुचवेल, गुन्हा कबूल करून पाचशे-हजार दंड भर आणि मोकळा हो. घाई करू नकोस. कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि परदेशी जाण्याच्या फॉर्मवर तो प्रश्न आयुष्यभर विचारला जातो. दहा जण सुटलेल्या खटल्यात तू एकट्यानं कबूल करणं मला तरी पटत नाही. निकाल वाचून वकील वेगळं म्हणाले तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याबद्दल त्यांना विचार. दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात, आधी शिक्षा झालेली नसेल तर न्यायालय समज देऊन सोडू शकतं. एकवीस वर्षांखालच्यांना त्यात जास्त सवलत आहे, पण त्यासाठी वय निकालाच्या वेळचं मोजतात, गुन्ह्याच्या वेळचं नाही. म्हणजे ती सवलत तुझ्या हातून गेली. एकवीस पूर्ण व्हायच्या आत निकाल लागला असता तर मिळाली असती. असो.

पासपोर्टच्या फॉर्मवर खटला प्रलंबित आहे का, वॉरंट आहे का, असं विचारतात. तिथे ‘नाही’ लिहू नकोस. माहिती दडवणं हा पासपोर्ट कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे मूळ गुन्ह्यापेक्षा जास्त. आधी वॉरंट रद्द होऊ दे. मग खटला चालू असतानाही न्यायालयाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळतो, १९९३ ची अधिसूचना आहे तशी. वकिलांना ती ठाऊक असेल. त्यासाठी कंपनीची परदेशची ट्रिप दोन महिने पुढे गेली तर जाऊ दे.

कंपनीत रजा टाकताना ‘कोर्टाचं काम’ एवढंच लिही. आजीला पुन्हा मारू नकोस, तिचं तेरावं तू दोनदा केलं आहेस. सूनबाईला मात्र सगळं सांग, आणि सोमवारच्या आत सांग. हवालदार दारात आल्यावर तिला कळलं तर त्याचा जामीन मी देऊ शकणार नाही.

अण्णा सकाळी दूध घालून आठपर्यंत घरी येतात. तू आदल्या रात्रीच्या एसटीनं ये, मुक्काम माझ्याकडे कर. वकिलांशी मी बोलून ठेवलं आहे, त्यांना शनिवारी संध्याकाळी स्वतः फोन कर आणि केस नंबर सांग. तो पाकिटाच्या मागे लिहिला आहे.

तुझी
आत्या