कंबर बारीक व बळकट कशी होईल?

आपल्या भंडारा जिल्ह्यांत पुरुषांच्या कमरेविषयीं दोन तऱ्हेच्या तक्रारी ऐकूं येतात. आषाढ-श्रावणांत दिवसभर वांकून पऱ्हे उपटणारा शेतकरी संध्याकाळीं म्हणतो, कंबर धरली; आणि दुकानाच्या गादीवर किंवा कचेरींतील खुर्चीवर दिवस काढणारा गृहस्थ म्हणतो, पट्टा पुरेनासा झाला. तक्रारी भिन्न दिसल्या तरी पोट व पाठ यांच्या स्नायूंना योग्य व्यायाम मिळणें दोघांसही सारखेंच अगत्याचें आहे.

कमरेच्या भागांत पाठीच्या कण्याचे पांच मणके आहेत. बरगड्या व कटीचीं हाडें यांच्यामध्यें त्यांवांचून हाडांचा दुसरा आधार नाहीं. म्हणून निसर्गानें तेथें स्नायूंचाच पट्टा आवळला आहे. पुढें उभे, कुशींस तिरपे, त्यांच्या आंत आडवे आणि मणक्यांच्या दोहों बाजूंस पुन्हा उभे, अशी त्याची रचना आहे. ओझें उचलतांना हे सर्व एकदम आवळले गेले म्हणजे पोटांतील दाब वाढून मणक्यांस आधार मिळतो.

आतां सुटलेल्या पोटाविषयीं. पोटाचेच व्यायाम केले म्हणजे पोटावरचीच चरबी वितळते, ही समजूत सार्वत्रिक असली तरी खरी नाहीं. १९७१ सालीं अमेरिकेंत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून पाहण्यांत आले. ज्या हातानें वर्षानुवर्षें खेळ चाले तो हात मोठा होता; पण कातडीखालील चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच आढळला. चरबी कमी होते ती साऱ्या शरीराची. त्यासाठीं तलावाच्या पाळीवरून रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालावें आणि ताटांतील भाताकडेही लक्ष द्यावें. भात सोडा, असें भंडाऱ्यांत कोण म्हणेल? पण दुसऱ्यांदा वाढून घेणें तरी टाळतां येईल. पोटाच्या आंतील चरबी मधुमेह व हृद्रोग यांना आमंत्रण देते. म्हणून आपल्याकडील पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरांच्या आंत असावा, असें वैद्यक सांगतें.

स्नायूंच्या बळकटीसाठीं आपल्याच प्रांतांतील सूर्यनमस्कार उत्तम. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं त्यांचा प्रसार केला. त्यांत शरीर आळीपाळीनें पुढें व मागें वांकत असल्यामुळें पोट व पाठ या दोहोंसही काम मिळतें. आरंभीं पांच-सहा पुरेत. त्यानंतर पालथें पडून भुजंगासन व शलभासन करावें; वांकून काम करणाऱ्यांस हीं विशेष उपयोगी आहेत. मग उताणें निजून, गुडघे उभे ठेवून, डोकें व खांदे किंचित् उचलावे आणि पांच अंक मोजावे. श्वास कोंडूं नये. दोन्ही पाय ताठ ठेवून एकदम वर उचलण्याची जी चाल आहे, ती नवशिक्यानें वर्ज्य करावी. दुबळ्या पोटाचा भार त्यांत कमरेवर पडतो. शेवटीं कुशीवर वळून, कोपर व पाऊल यांवर देह तोलून धरावा. तिरप्या स्नायूंस याहून सोपा व्यायाम मला ठाऊक नाहीं.

स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि उड्डियान, नौलि इत्यादि क्रियांची क्ष-किरणें व दाबमापक यांच्या साहाय्यानें परीक्षा केली. परंतु या क्रिया रिकाम्या पोटीं व जाणत्याच्या देखरेखीखालींच कराव्या. रक्तदाब, हृद्रोग किंवा अंतर्गळ असणाऱ्यांनीं त्यांच्या वाटेस जाऊं नये. कमरेची कळ पायांत उतरत असेल, तर कोणताही व्यायाम करण्यापूर्वीं डॉक्टरांस दाखवावें.

घेर महिन्यांतून दोनदां मोजावा. शेवटची बरगडी व कटीचें हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप धरावी. वडिलांचें माप मुलानें घ्यावें हें बरें. पोट आंत ओढून धरलेलें त्याच्या लगेच ध्यानांत येतें.