कपाट भिंतीला बांधले आहे काय?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी एक बाई आपल्या तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन धावतच दवाखान्यात आल्या. मुलाच्या अंगावर कपड्यांचे कपाट पडले होते. सुदैवाने समोर पलंग होता. कपाट पलंगाच्या कडेवर अडकले आणि पोर खालच्या फटीत सापडले. खांद्याजवळचे हाड मोडले, कपाळावर टेंगूळ आले, एवढ्यावर भागले. पलंग दोन फूट पलीकडे असता तर काय झाले असते, हे त्या माउलीला सांगण्याची गरज नव्हती.

कपाट अगदी नवे होते. खोक्यातून सुट्या फळ्या येतात आणि घरी जोडून घ्यायचे असते, त्या प्रकारचे. जोडणारा माणूस दीड तासात काम उरकून गेला होता. उरलेले सामान बाईंनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. मी ते मागवून पाहिले. आत दोन छोट्या एल पट्ट्या आणि चार स्क्रू होते. "जास्तीचं सामान आहे, ठेवून द्या, असं तो म्हणाला, डॉक्टर." ते जास्तीचे नव्हते. कपाट भिंतीला पक्के करण्याचे तेच सामान होते. घरमालकाने भिंतीला भोक पाडायला मनाई केली होती, ही गोष्ट नंतर बोलता बोलता कळली.

वाचक म्हणतील, आरोग्याच्या सदरात सुतारकाम कशाला? कारण दोन ते पाच वर्षांच्या मुलाला ओढलेले खण म्हणजे जिन्याच्या पायऱ्या वाटतात. वर बिस्किटांचा डबा किंवा टीव्हीचा रिमोट असला की ते चढणारच. एक हिशेब करून पाहा. रिकामा सांगाडा २५ किलोचा, खोली ४४ सेंटिमीटर. त्याचा भार पुढच्या पायापासून सुमारे २२ सेंटिमीटर मागे पडतो. गुणाकार ५५०. एवढेच त्याला मागे धरून ठेवणारे बळ. आता कपड्यांनी भरलेले, प्रत्येकी ६ किलोचे चार खण पुढे ओढले. त्यांचा भार पायाच्या पुढे साधारण १२ सेंटिमीटर. गुणाकार २८८. त्यावर १४ किलोचे मूल ३० सेंटिमीटर पुढे उभे राहिले, की ४२०. बेरीज ७०८. कपाट पडले! मूल वरची कड धरून मागे झुकले तर त्याआधीच पडते.

अमेरिकेत हे फार महागात पडले. लहान मुलांचे मृत्यू झाल्यानंतर आयकिया या कंपनीने २०१६ साली तेथील सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत बोलावली. २०२२ मध्ये तेथे यासाठी कायदा झाला आणि १ सप्टेंबर २०२३ पासून अशा कपाटांची चाचणी सक्तीची झाली. त्यात २७ किलोपर्यंतच्या मुलाचा भार धरतात.

आपल्याकडची जुनी लोखंडी कपाटे जड असत, खण कमी आणि दारे आत घट्ट बसणारी. म्हणून ती सहसा पडत नसत. तरी तीही निर्धोक नव्हेत. खालून केर काढता यावा, ओल लागू नये म्हणून आपण त्यांच्या पायाखाली विटा किंवा लाकडाचे तुकडे सारतो. एक तुकडा सरकला की कपाट पुढे कलते. हे आपापल्या घरी आजच वाकून पाहावे.

नवे कपाट जोडायचे असेल तर आधी सर्व तुकडे चादरीवर मांडून चित्राच्या कागदाशी ताडून घ्यावेत. घाईने उलटी लावलेली एक फळी पुढे तासभर खाते. लाकडी खुंट्या आणि गोल फिरणारी लॉके बसवताना लॉकावरचा बाण बोल्टच्या बाजूला असावा. अर्ध्या फेऱ्याने ते घट्ट होते. आणखी जोर लावला की भुश्याची फळी आतून फुटते आणि ती पकड परत येत नाही. मागचा पातळ हार्डबोर्ड म्हणजे केवळ पडदा असे समजून दोन-चार खिळ्यांवर भागवतात. चूक आहे. कपाट कलू न देण्याचे काम तोच करतो. खिळे मारण्यापूर्वी दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. दोन्ही सारखे आले म्हणजे कपाट काटकोनात आहे. मग हाताच्या वितीपेक्षा कमी अंतरावर खिळे घ्यावेत.

एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. ७ फूट उंच आणि २ फूट खोल कपाट आडवे जोडून उभे करताना त्याला ७ फुटांपेक्षा साडेतीन इंच जास्त उंची लागते, कारण वळताना त्याचा कोपरा वर जातो. पंखा, माळा, तुळई आधी पाहावी. उभे करायला दोघे धडधाकट लोक हवेत. कंबर वाकवून एकट्याने उचलू नये, त्याचे रुग्णही माझ्याकडे येतात.

आता भिंतीकडे वळू. कपाट ओळंबा धरून उभे करावे, खालचा उतार पायांचे स्क्रू फिरवून किंवा पक्की पाचर घालून काढावा. फरशीच्या पट्टीमुळे कपाट भिंतीपासून अर्धा-पाऊण इंच दूर राहते. त्या फटीत वर लाकडी पट्टी घालावी म्हणजे एल पट्टी ताणली जात नाही. पट्टी कपाटाच्या वरच्या दोन्ही टोकांना, जाड फळीत बसवावी. हार्डबोर्डात बसवलेली पट्टी कपाट पडताना हार्डबोर्डासकट निघून येते.

भिंत कशाची आहे यावर बाकीचे अवलंबून असते. पक्क्या विटेच्या भिंतीत काम सोपे. पण गिलावाच अर्धा-पाऊण इंच असतो आणि नुसत्या गिलाव्यात बसलेली गिट्टी हाताने ओढली तरी येते. म्हणून भोक अडीच इंच खोल हवे. गिट्टी ८ मिलिमीटरची असेल तर ड्रिलचे बिटही ८ मिलिमीटरचेच घ्यावे. भोकातली भुकटी काढून गिट्टी ठोकावी. ती हाताने सहज आत गेली तर भोक मोठे झाले आहे, दुसरीकडे पाडावे. काडेपेटीच्या काड्या कोंबून वेळ मारून नेऊ नये. नव्या इमारतींत हलके राखाडी ठोकळे असतात, मिस्त्री त्यांना सिपोरेक्स म्हणतात. त्यात हातोडीचा झटका बंद ठेवून भोक पाडावे आणि दुकानातून त्याच भिंतीसाठी असलेली लांब नायलॉनची गिट्टी मागून घ्यावी. जुन्या वाड्यांतील दगड-मातीच्या भिंतीत सांध्यात काहीही टिकत नाही. तेथे लाकडी खांब शोधावा आणि त्यात सरळ लाकडाचा स्क्रू मारावा. जिप्समच्या आडभिंतीत आतली लोखंडी पट्टी चुंबकाने सापडते. तीच धरावी.

विजेच्या बटणांच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये, आत वायर असते. न्हाणीघराच्या बाजूच्या भिंतीत पाण्याचा नळ असतो. भोक पाडताना चष्मा व मास्क लावावा, दम्याचा रुग्ण आणि मुले दुसऱ्या खोलीत असावीत. नव्या फळ्यांच्या उग्र वासाने डोळे चुरचुरतात, म्हणून काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात. शेवटी वरची कड धरून पुढे ओढून पाहावे. भिंतीपाशी फट पडली तर काम झालेले नाही.

जड कपडे खालच्या खणात, वर हलके सामान. बॅगा, जुना टीव्ही, खेळणी माथ्यावर नकोत.

इतके करूनही कुणाच्या अंगावर कपाट पडलेच, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. छाती दबलेले मूल रडू शकत नाही. आवाज येत नाही म्हणजे लागले नाही, असे नव्हे. शेजाऱ्यांना हाक मारून कपाट सरळ वर उचलावे, मुलाला खालून ओढू नये. श्वास चालू नसेल तर छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वास सुरू करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मान हलवू नये, पाणी, चहा, हळदीचे दूध पाजू नये, पोटावर तेल चोळू नये. मूल हसत-खेळत असले तरी रुग्णालयात दाखवावेच. प्लीहा किंवा यकृताला झालेली जखम काही तासांनीही उघड होते. पोट दुखणे, चेहरा पांढरा पडणे, वारंवार उलटी, झोपाळूपणा, कानानाकातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काही दिसले तर सकाळपर्यंत थांबू नये.

त्या बाईंच्या घरमालकांशी मी स्वतः बोललो. दोन भोके पुढे पांढऱ्या सिमेंटने बुजवता येतील, असे सांगितल्यावर ते राजी झाले. आता कपाट पक्के आहे. मात्र दिवाळीच्या रंगकामासाठी ते स्क्रू काढले जातील. रंग वाळल्यावर ते परत लावायची आठवण मी त्या बाईंना आत्ताच करून ठेवली आहे.