किशोरवयीन एचआयव्हीबाधित आणि चिकित्सेचे चार पाद

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत. रोग्याच्या चार गुणांत स्मृती व निर्देशकारित्व यांच्या जोडीला अभीरुत्व आणि ज्ञापकत्व, म्हणजे न भिणे व आपली अवस्था वैद्यास सांगणे, यांची गणना आहे. अल्प उत्पन्न असलेल्या देशांतील एचआयव्हीबाधित किशोरांच्या ठिकाणी नेमके हेच दोन गुण दुर्लभ होतात. मात्र हा दोष त्यांचा नसून सभोवतालच्या समाजाचा आहे.

द्रव्य आहे, उपस्थाता नाही

भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून मोफत एआरटी सुरू झाली आणि २०१७ पासून सीडी-४ पेशींची संख्या कितीही असली तरी प्रत्येक बाधितास उपचार देण्याचे धोरण आले. औषध नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके कमी राहतात, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. म्हणजे उत्तम चिकित्सा हाच प्रतिबंधही होय.

असे असता किशोरवयात उपचार का खंडित होतात? जन्मतः बाधित मुलाला लहानपणी घरचे औषध देतात. पुढे वसतिगृहात, नोकरीच्या ठिकाणी अथवा सासरी त्याच गोळ्या लपवाव्या लागतात. काहींना तर आजाराचे नावही उशिरा कळते. औषध वारंवार चुकले की विषाणू त्याला दाद देईनासा होतो.

झिंबाब्वेचा अनुभव

हरारे येथे २००४ मध्ये ‘झ्वांदिरी’ उपक्रमाचा आरंभ झाला. शोना भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘मी जसा आहे तसा’ असा आहे. यात स्वतः बाधित असलेले १८ ते २४ वयाचे प्रशिक्षित तरुण आपल्याहून लहान बाधितांच्या घरी जातात, धीर देतात, औषधाची आठवण करतात व अडचण आल्यास दवाखान्याशी गाठ घालून देतात.

ग्रामीण झिंबाब्वेतील १६ दवाखान्यांत १३ ते १९ वयोगटावर या पद्धतीची तौलनिक चाचणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९६ आठवड्यांअखेर विषाणू नियंत्रणात नसलेले वा मृत्यू पावलेले किशोर नेहमीच्या सेवेच्या गटात ३६ टक्के, तर सोबत्यांची जोड मिळालेल्या गटात २५ टक्के होते. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे उपस्थात्याचे गुण आपण पाठ करतो. त्यांतील अनुरागाचे मोल या आकड्यांतून दिसते.

वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

१. बल्य वा रसायन चिकित्सा मागणाऱ्या बाधितास एआरटी थांबविण्याचा सल्ला कदापि देऊ नये. आपली चिकित्सा पूरक असावी व तिची माहिती एआरटी केंद्रास असावी.

२. सध्याच्या प्रमुख औषधयोगात डोलुटेग्रॅविर असते. लोह, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम व ॲल्युमिनिअम यांमुळे त्याचे शोषण घटते. मॅग्नेशिअम वा ॲल्युमिनिअमयुक्त आम्लपित्तशामक औषधाच्या किमान २ तास आधी किंवा ६ तासांनंतर ते घ्यावे लागते. लोहभस्म, मंडूर, शंख, प्रवाळ यांचे कल्प देताना हेच अंतर राखणे सयुक्तिक होय.

३. संसर्गाचा धोका घडून ७२ तास उलटले नसतील तर त्वरित शासकीय रुग्णालयात पाठवावे. प्रतिबंधक औषध २८ दिवस घ्यावे लागते व जितके लवकर सुरू होईल तितके हितावह.

४. निरोध मागणाऱ्या तरुणाला चारचौघांत प्रश्न विचारू नयेत. चाचणीसाठी आयसीटीसी केंद्राचा पत्ता व १०९७ हा निःशुल्क क्रमांक दुकानात दर्शनी लावावा.

५. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार भेदभावास मनाई असून बाधिताची ओळख गुप्त राखणे बंधनकारक आहे. रुग्णपत्रिका सहायकाच्या वा अन्य रुग्णांच्या नजरेस पडणार नाही, अशी ठेवावी.

उपसंहार

गावातील तरुण मोठ्या रुग्णालयाआधी पुष्कळदा आपल्या ओट्यावर येतो, आणि तोही दुसरेच काही कारण सांगून. त्या वेळी त्याला एकांत व विश्वास लाभला, तर ज्ञापकत्व आपोआप प्रकट होईल. रोग्याच्या ठिकाणी अभीरुत्व निर्माण करणे हे भिषकाचेच काम आहे, हे वैद्यबंधू-भगिनींनी ध्यानी घ्यावे.