आधी मागे राहणाऱ्याचा विचार

मुलं आपापल्या संसाराला लागली की मृत्युपत्राचा विषय निघतो आणि “कशाला अभद्र बोलायचं?” म्हणून लगेच दाबलाही जातो. आम्ही नवरा-बायकोनं पाथर्डीत एकमेकांच्या नावे मृत्युपत्रं केली. त्यातून उमगलेलं सांगते.

१. आधी जोडीदार, मग मुलं. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे राहत्या घरातही बायको नुसती एक हिस्सेदार. मुलं कितीही गुणी असोत, दोघांपैकी मागे राहील त्याला घरासाठी कुणाच्या सहीची वाट पाहावी लागू नये.

२. आपलं काय, ते आधी बघा. ट्रंकेतले कागद पलंगावर मांडले: सातबारा, घराचा उतारा, ठेवपावत्या, सोसायटीचे आणि वृद्धेश्वर कारखान्याचे शेअर्स. ह्यांच्या पगारातून घेतलेला प्लॉट स्वकष्टाचा, तो कुणालाही देता येतो. वडिलोपार्जित जमिनीत मात्र फक्त स्वतःच्या हिश्शापुरतं लिहिता येतं. २००५ च्या दुरुस्तीनंतर तिथं लेकीही जन्मानं हिस्सेदार आहेत. माझ्या पाटल्या ह्यांच्या यादीत चढल्या होत्या, त्या खोडायला लावल्या. स्त्रीधन माझं, ते माझ्याच मृत्युपत्रात.

३. “नंतर मुलांना” एवढंच लिहू नका. मागे राहणाऱ्याला पूर्ण मालकी की हयातभर वापरायचा हक्क? दुखण्याखुपण्याला जमीन विकता येईल का? हे स्पष्ट लिहिलं नाही, तर पुढची भांडणं ह्याच ओळीवरून होतात.

४. कागद दोन करा. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येतं. पण दोघांचं एकच असेल, बदलायचं नाही असा करार त्यात असेल आणि एकाच्या पश्चात दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला असेल, तर त्याचे हात बांधले जातात. म्हातारपणी कोण सांभाळील, हे आज कुणाला ठाऊक? म्हणून आम्ही मजकूर सारखा ठेवला, मृत्युपत्रं वेगळी केली.

५. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगांवकर यांच्या गुंतवणुकीवरून वारसांमध्ये वाद झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात स्पष्ट केलं, की शेअर्सवर नॉमिनीचं नाव असलं तरी वारसांचा हक्क संपत नाही. नॉमिनी लावाच, पण त्यावर विसंबू नका.

६. साक्षीदार वयानं लहान बघा. कायद्याला किमान दोन लागतात. वाटा मिळणारा नको, आपल्या बरोबरीचा म्हातारा तर नकोच. नोंदणी सक्तीची नाही आणि मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही नाही. तरी आम्ही दुय्यम निबंधकांपुढे अंगठे आणि फोटो दिले; डॉक्टरांचा दाखलाही जोडला. उद्या “त्यांना तेव्हा कळत नव्हतं” म्हणायला जागा उरू नये.

७. मुलांना एकत्र बसवून सांगा. वाटा कमी-जास्त असेल तर कारणही लिहा. मृत्युपत्र कुठं ठेवलंय आणि फेरफारासाठी तलाठ्याकडं तीन महिन्यांत अर्ज करायचा, हे लेकीलाही माहीत हवं.

हातीपायी धड असताना, दोघांनी मिळून हे काम उरकून घ्या. एक गेल्यावर दुसऱ्याला फक्त स्वतःचं मृत्युपत्र करता येतं, गेलेल्याचं नाही.