पत्र्याच्या खुणा कापडावर नकोत

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला बडोद्याचं नाव होतं आणि ते स्पिटफायर उडवत असे. बडोद्यात मॉडेल बनवणाऱ्याला त्या स्पिटफायरची ओढ वाटावी यात नवल नाही. त्या विमानाचं अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. त्यामुळे पंखाच्या मुळाशी रंग उडवून खालची चांदी दाखवणं, पत्र्यांच्या सांध्यांत काळपट वॉश भरणं, स्पंजच्या तुकड्याने ओरखडे उमटवणं हे सगळं त्याच्यावर शोभतं, कारण ते तिथे खरं आहे. धोका पुढच्या किटपासून सुरू होतो. तोच सरावलेला हात, तोच स्पंज आणि तीच चंदेरी रंगाची बाटली बायप्लेनकडे वळते आणि कापडाच्या पंखावर पत्र्याचे ओरखडे दिसू लागतात. मेहनत भरपूर असते, हातही तयार असतो, तरी मॉडेल खोटं वाटतं. माझं सांगणं एवढंच आहे की वेदरिंगचं, म्हणजे मॉडेलवर झीज आणि मळ दाखवण्याचं, तंत्र विमानाच्या अंगावरून ठरवावं. बाटलीवरच्या सूचनेवरून किंवा आधीच्या मॉडेलच्या सवयीवरून ते ठरवू नये.

बायप्लेनच्या काळातल्या बहुतेक विमानांचा सांगाडा लाकडाचा किंवा धातूच्या नळ्यांचा असे आणि त्यावर लिनन चढवलेलं असे. हे कापड फासळ्यांना दोऱ्याने टाचत, टाक्यांवर पट्ट्या चिकटवत आणि मग डोप नावाचं सेल्युलोजचं रसायन थरावर थर देत. डोप वाळताना कापड आक्रसून ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं. लिननचा कस उन्हातल्या अतिनील किरणांनी जातो, म्हणून वरच्या थरात रंगद्रव्य किंवा ॲल्युमिनियमची भुकटी मिसळत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली ब्रिटिश विमानं चंदेरी दिसतात ती बहुतांशी या भुकटीमुळे. त्या चांदीखाली कापड असतं. आता असं कापड जुनं कसं होतं ते पाहा. उन्हाने तकाकी जाते, रंग विटतो, डोपच्या थराला बारीक भेगा पडतात. खडा लागून कापड फाटलं तर त्यावर ठिगळ येतं, आणि ठिगळावरचं ताजं डोप भोवतीच्या विटलेल्या रंगात उठून दिसतं. फासळ्यांवरच्या पट्ट्या किंचित उंच असतात, तिथे मळ धरतो. चाकांनी उडवलेला चिखल खालच्या पंखाच्या पोटाला लागतो. वैमानिक आणि मेकॅनिक जिथे पाय देऊन चढतात तेवढी वाट काळवंडते. पत्र्यावरचा रंग गेला की धातू दिसतो. कापडावरचा गेला तर आधीचा थर किंवा भुरकट लिनन दिसेल, धातू दिसणार नाही. बडोदेकराला कापड आणि रसायन यांचं हे नातं परकं वाटायला नको. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनात कापडरंगाई हा शिक्षणाचा महत्त्वाचा विषय होता.

बायप्लेनवर पत्रा असतच नाही असं मात्र मी म्हणत नाही. इंजिनाभोवतीचं आवरण, पेट्रोलच्या टाकीचा भाग, पंखांमधल्या दांड्यांची टोकं ही धातूची असू शकतात, आणि तिथे थोडी झीज दाखवायला हरकत नाही. प्रश्न सीमारेषेचा आहे. भारतीय वायुदलाचं पहिलं स्क्वॉड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर उभं राहिलं ते चार वेस्टलँड वापिटी विमानांवर. वापिटी हे या प्रश्नाचं उत्तम उदाहरण आहे. पुढे नऊ सिलिंडरचं, हवेने गार होणारं ब्रिस्टल ज्युपिटर इंजिन, त्यामागे धातूचं आवरण आणि मागे कापडाचं अंग. लांबून पाहिलं तर सगळंच चंदेरी. म्हणून बरेच जण एकाच बाटलीतला चंदेरी रंग नाकापासून शेपटीपर्यंत मारतात आणि नंतर शेपटीवरही ओरखडे काढतात. खरं काम या दोन चांदींतला फरक दाखवण्यात आहे. पत्र्याच्या भागाला धातूची चकाकी असू द्यावी. कापडाच्या भागासाठी त्याच रंगात थोडा पांढरा आणि राखाडी मिसळून तो मंद करावा. एवढ्या एका पायरीने मॉडेलमध्ये जो जिवंतपणा येतो तो दहा ओरखड्यांनी येत नाही. हेच स्क्वॉड्रन १९३७ साली वायव्य सरहद्दीवरच्या मीरानशाहला कामगिरीवर होतं. तिथल्या वापिटीवर वेदरिंग करायचं तर ते धुळीचं करावं: चाकांवर, खालच्या पंखाखाली, शेपटीच्या टेकूपाशी कोरडी, फिकी धूळ, आणि इंजिनामागे तेलाचे पातळ ओघळ. हिरवट ओला चिखल युरोपातल्या हिवाळ्याचा. तो इथे आणू नये.

तेलाच्या डागांबाबत तर जास्तच सावध राहावं लागतं. पहिल्या महायुद्धातलं विमान म्हटलं की पोटाखाली एरंडेलाचे तपकिरी ओघळ काढायचे, असा एक समज पसरला आहे. ते ओघळ खरे आहेत, पण रोटरी इंजिनाच्या विमानांवर. रोटरी इंजिनात दांडा स्थिर असतो आणि सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण इंजिनाच्या पोटातूनच जातं, म्हणून पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारं एरंडेल वापरत, आणि एकदा वापरलेलं तेल परत टाकीत न येता बाहेर फेकलं जाई. आज जगाला लागणाऱ्या एरंडाचा मोठा हिस्सा गुजरातच्या शेतांतून जातो, हे इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. त्या युद्धातल्या भारतीय वैमानिकांचंच पाहा. हरदितसिंग मलिक २८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये सॉपविथ कॅमल उडवत; कॅमलचं इंजिन रोटरी, तेव्हा त्या मॉडेलच्या पोटावर एरंडेल हवंच. इंद्रलाल रॉय ४० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये एस.ई.५ए उडवत आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर २३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन. ही दोन्ही विमानं पाण्याने गार होणाऱ्या, जागेवर स्थिर अशा व्ही-८ इंजिनांची होती. त्यांच्या पोटावर एरंडेलाचा पूर दाखवणं म्हणजे एका विमानाचा इतिहास दुसऱ्याच्या अंगावर लिहिणं. एस.ई.५एच्या दोन्ही बाजूंनी धुराड्याच्या लांब नळ्या मागे जातात. तिथे काजळीची फिकट रेघ आणि नळीवर तापून आलेला तांबूस रंग द्यावा.

रॉय आणि वेलिणकर या दोघांमुळे आणखी एक गोष्ट लक्षात येते. रॉय यांनी आपले दहाही विजय जुलै १९१८ मध्ये, दोन आठवड्यांच्या आत मिळवले आणि २२ जुलैला ते पडले. वेलिणकर त्याआधी जूनच्या अखेरीस गेले. आघाडीवरच्या विमानाचं आयुष्य बरेचदा काही आठवड्यांचं असे. इतक्या थोड्या दिवसांत चिखल लागतो, गोळीच्या भोकावर ठिगळ येतं, धूर बसतो; पण वर्षानुवर्षांच्या उन्हाने येणारा विटका रंग येत नाही. याउलट टायगर मॉथसारखं शिकाऊ विमान वर्षानुवर्षं नवख्या हातांत फिरलं. विटलेला रंग, डागडुजीचे थर, पायवाटेची झीज हे सगळं तिथे शोभतं. वेदरिंग करण्याआधी विमानाचं वय विचारावं, ते यासाठी.

प्रमाणाचा हिशोब मी प्रत्येक नव्या माणसाला कागदावर करायला सांगतो. १/७२ प्रमाणात ब्रशचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरचा होतो. १/४८ मध्ये तोच २४ आणि १/३२ मध्ये १६ मिलिमीटर. टायगर मॉथच्या पंखांचा विस्तार ८.९४ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये साडेबारा सेंटिमीटरसुद्धा नाही. एवढ्याशा पंखावर वीस ठिपके म्हणजे पंखभर दीड-दीड इंचाची वीस भोकं. असं विमान कोणताही मेकॅनिक उडू देणार नाही. फासळ्यांच्या मधल्या झोळाचंही तेच. पुष्कळ किटांत तो खोल दिलेला असतो, वरून सावलीचा वॉश दिला की पंख पोटात गेलेले वाटतात. ताणलेल्या कापडाला एवढा झोळ नसतो. तिथे पॉलिश पेपर आधी चालवावा आणि सावली अगदी नावापुरती द्यावी.

यावर पहिला आक्षेप असा की त्या काळची छायाचित्रं काळी-पांढरी, मग खरे रंग सांगणारे तुम्ही कोण? आक्षेप निम्मा बरोबर आहे. त्या काळातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल आणि पिवळा गडद दिसतो, निळा फिका. त्यामुळे छायाचित्रातल्या राखाडी छटेवरून रंग ओळखायला जाऊ नये. पण चिखल कुठवर उडाला, तेल कोणत्या बाजूने ओघळलं, ठिगळ कुठे आहे, कोणती पायवाट मळली, हे छायाचित्र स्पष्ट सांगतं, आणि वेदरिंगला नेमकं तेच हवं असतं. रंगाची जात दुसरीकडून कळते: ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूचं पीसी-१० पिवळी माती आणि काजळी यांच्या मिश्रणातून बनत होतं, म्हणजे तो रंग तपकिरी आणि हिरव्याच्या मध्येच कुठेतरी असणार. त्या मर्यादेत दोन जाणकारांचं मत वेगळं पडलं तर पडू द्यावं. संग्रहालयातल्या विमानाचा आधार मात्र जपून घ्यावा. पालमच्या वायुदल संग्रहालयात वापिटी आहे, ती बघायलाच हवी. आकार, सांधे, तारांची जागा यांसाठी तिच्यासारखा गुरू नाही. पण जतनासाठी रंगवलेलं विमान कामावरच्या विमानाच्या मळाचा पुरावा देऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. मॉडेल ही कला आहे, नोंदवही नाही. लहान वस्तू डोळ्यात भरायची तर थोडी अतिशयोक्ती लागते. हे मला पूर्ण मान्य आहे. छोट्या मॉडेलवर रंग थोडा फिका करावा लागतो, सावली थोडी वाढवावी लागते, नाहीतर ते खेळण्यासारखं सपाट दिसतं. पण अतिशयोक्ती खऱ्या गोष्टीची करावी. पायवाटेचा मळ थोडा गडद करा, ठिगळाचा उजळपणा थोडा वाढवा, धुराची रेघ थोडी लांबवा. पाहणाऱ्याला कापड अधिक कापडासारखं दिसेल. चांदीचे ओरखडे वाढवले तर कापडाचा पत्रा होतो. चित्रकारही सावली गडद करतो, पण प्रकाश ज्या बाजूने येतो तीच बाजू धरून.

आता आपल्या हवेबद्दल. परदेशी पुस्तकांतल्या सूचना थंड, कोरड्या खोलीसाठी लिहिलेल्या असतात. सयाजीगंजमधल्या फ्लॅटमध्ये त्या जशाच्या तशा चालत नाहीत. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना एअरब्रशमधला ॲक्रिलिक रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच सुकतो आणि पंख खरखरीत होतो. पहाटे काम करावं, रंगात रिटार्डर घालावा, एअरब्रशची सुई वरचेवर पुसावी. स्टेशनच्या बाजूची रहदारीची धूळ ओल्या रंगावर बसते, म्हणून रंगवलेला भाग लगेच झाकणाच्या डब्यात ठेवावा. लॅकर आणि त्याचा थिनर भडकणारा असतो: खिडकी उघडी, तोंडावर रासायनिक वाफा अडवणारा मास्क, आणि स्वयंपाकघरातला गॅस बंद असल्याची खात्री. या बाबतीत कोणाचीही सूट मला मान्य नाही.

कामाचा क्रम बायप्लेनला फार सांभाळावा लागतो. दोन्ही पंख जोडल्यावर वरच्या पंखाच्या पोटात ब्रश पोहोचत नाही, म्हणून रंग, डेकल आणि वेदरिंगचा मोठा भाग जोडणीआधीच उरकावा. डेकल ग्लॉसवर लावावेत, वॉशही ग्लॉसवरच द्यावा, मॅट शेवटी. इनॅमल रंगावर इनॅमलचा वॉश दिला तर थिनर खालचा रंग खातो. खाली ॲक्रिलिक ठेवावा आणि मध्ये वॉर्निश. वॉश फार ओला नसावा. पंखांमधले बारीक दांडे ताणाखाली असतात, त्यांच्या सांध्यात थिनर साचला तर प्लॅस्टिक ठिसूळ होऊन मोडतं, आणि तारा लावून झाल्यावर तो दांडा बदलणं जवळपास अशक्य होतं. तारांसाठी नायलॉनऐवजी लवचिक धागा घ्यावा. नायलॉन हवेतला ओलावा शोषून वाढतो. डिसेंबरमध्ये ताठ बसवलेली तार जुलैत लोंबते.

पावसाळ्यात प्रायमर, ब्रशचं काम, तारांची तयारी, छायाचित्रांचा अभ्यास सगळं करा. फक्त लॅकर आणि मॅट वॉर्निश त्या दिवसांत फवारू नका. दमट हवेत त्यावर दुधाळ पांढरी साय येते आणि खालचं सगळं काम झाकलं जातं. ते काम दिवाळीनंतरच्या कोरड्या सकाळीच करा.